स्मिथ म्हणजे लोहार, पण लोहार म्हणजे स्मिथ नव्हे

सॉफ्टवेअरच्या जगात सगळ्यात जास्त वेळा जन्मलेला आणि सगळ्यात जास्त वेळा डिलीट झालेला माणूस म्हणजे जॉन स्मिथ. नवा फॉर्म बनवला, की टेस्टिंगला पहिलं नाव त्याचंच. त्याला बँकेत खातं असतं, हॉस्पिटलात केसपेपर असतो, विमानाचं तिकीट असतं; फक्त तो स्वतः नसतो. मी गेली सहा वर्षं या माणसाला रोज भेटतोय. आणि माझं आडनाव लोहार आहे. म्हणजे भाषांतर केलं तर मीही स्मिथच.

हे लक्षात आल्यावर आधी गंमत वाटली. मग वाचत गेलो तसा गमतीच्या खाली एक प्रश्न दिसायला लागला. एकाच धंद्यावरून पडलेली ही दोन आडनावं. त्यातलं एक इतकं कोरं झालं की कुणालाही चालतं. दुसरं मात्र उच्चारल्याबरोबर समोरच्याच्या डोक्यात एक खाना उघडतं. असं का झालं?

गावात एकच असतो तो

'स्मिथ' हा जुन्या इंग्रजीतला शब्द. ठोकणं, बडवणं या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाशी त्याचं नातं लोक जोडतात, पण ते कानाला बरं वाटतं म्हणून. मुळात स्मिथ म्हणजे हाताने घडवणारा कारागीर, आणि पुढे मुख्यतः धातूवर काम करणारा. याच झाडाला पुढे फांद्या फुटल्या: गोल्डस्मिथ म्हणजे सोनार, ॲरोस्मिथ म्हणजे बाणाची टोकं घडवणारा, शूस्मिथ म्हणजे घोड्याचे नाल करणारा, आणि सिक्सस्मिथ म्हणजे सहा लोहार नव्हेत, तर विळे करणारा.

इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला आडनाव नव्हतं. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या सरदारांनी वंशपरंपरेने चालणाऱ्या नावांची पद्धत आणली, कारण त्यांच्याकडे वारसाने द्यायला जमिनी होत्या. पुढच्या तीनेकशे वर्षांत ती पद्धत झिरपत खाली आली. कर गोळा करणाऱ्याला, कोर्टाच्या कारकुनाला 'जॉन' एवढं पुरेना. गावात दहा जॉन. मग कुणी टेकडीवरचा जॉन, कुणी विल्यमचा जॉन, कुणी भट्टीवाला जॉन. 1400 च्या आसपास बहुतेक इंग्रज घराण्यांना आडनाव चिकटलेलं दिसतं.

आता एक साधा प्रश्न. त्या काळी बहुतेक लोक शेतीवर जगत होते. मग इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं आडनाव 'फार्मर' का नाही?

उत्तर कुठल्याही डेटाबेसवाल्याला चटकन कळेल. ज्या कॉलममध्ये सगळ्या ओळींत एकच व्हॅल्यू आहे, तो ओळख पटवायला निरुपयोगी असतो. गावात तीस घरं आणि पंचवीस शेतकरी असतील, तर 'शेतकरी जॉन' म्हणून काहीच कळत नाही. पण लोहार गावात एकच असतो. आणि एक तरी असतोच, कारण त्याच्यावाचून नांगर चालत नाही. शिवाय 'फार्मर' हा शब्द त्या काळी शेतकऱ्यासाठी नव्हताच. सारा किंवा भाडं वसूल करण्याचा मक्ता घेणाऱ्याला फार्मर म्हणत. थोडक्यात, स्मिथ हे नाव पसरलं ते लोहार फार होते म्हणून नव्हे. प्रत्येक गावात ते थोडेच होते, पण प्रत्येक गावात होते.

हेच गणित जगभर चाललं. जर्मनीत श्मिट, फ्रान्समध्ये लफेव्र, पोलंडमध्ये कोवाल्स्की, हंगेरीत कोवाच, रशियात कुझ्नेत्सोव्ह, अरबीत हद्दाद, तुर्कस्तानात देमिरजी. सगळे लोहार. इटलीत फेरारी. ज्या लाल गाडीचं पोस्टर हॉस्टेलच्या भिंतीवर असतं, तिच्यावर खरं तर 'लोहार' असं लिहिलेलं आहे. हे मी कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं, तर चार वर्षं जरा वेगळी गेली असती.

अ‍ॅडम नावाचा एक स्मिथ

1776 साली अ‍ॅडम स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' छापून आलं. त्यातला टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या जवळच आणखी एक दाखला आहे, तो लोहाराचा. स्मिथ म्हणतो, हातोडा चालवायची सवय असलेला पण खिळे न करणारा साधा लोहार दिवसाला दोन-तीनशे खिळे जेमतेम करील, आणि तेही वाईट. ज्याला खिळ्यांची सवय आहे पण तेवढंच काम नाही, तो आठशे ते हजार करील. आणि नुसते खिळेच करत आलेली विशीच्या आतली पोरं दिवसाला 2300 च्या वर खिळे करताना त्याने स्वतः पाहिली होती.

मुद्दा श्रमविभागणीचा आहे. माझं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. स्मिथ आडनावाचा माणूस लोहारांबद्दल लिहितोय आणि त्याला त्यात काही वाटत नाही. वाचणाऱ्यालाही नाही. तो स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीचा, वडील कस्टम खात्यात अधिकारी, स्वतः ग्लासगोला प्राध्यापक. त्याच्या आडनावातला लोहार केव्हाच विझून गेला होता. शब्द तोच राहिला, पण तो आता कुणाच्या कामाबद्दल काही सांगत नव्हता.

इथेच मला दुसरा एक अर्थशास्त्रज्ञ आठवतो. 1936 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापलं. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणीच की, असं समर्थन करणाऱ्यांना त्यांनी त्यात उत्तर दिलं: ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. अ‍ॅडम स्मिथचा खिळे करणारा पोरगा उद्या काम सोडून दुसरीकडे जाऊ शकतो, निदान त्याच्या पोराला तरी कुणी अडवणार नाही. आपल्याकडे धंदा सोडला तरी धंद्याने पाडलेला कप्पा सुटत नाही.

माझे आजोबा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात भट्टीवर बसत. भाता, ऐरण, घण, सांडशी एवढा संसार. सुगीच्या आधी फाळ आणि विळे यांची रांग लागायची, आणि मोबदला म्हणून वर्षाकाठी धान्य यायचं. बारा बलुतेदारांतला हा लोहार. पत्र्याचे आणि कारखान्याचे तयार नांगर आले, ट्रॅक्टर आले, भाता थंड पडला. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले. मी इंजिनिअरिंग केलं. तीन पिढ्यांत आमच्या घरातली ऐरण अंगणातलं बसायचं ठिकाण झाली. इथवर आमची गोष्ट आणि कुठल्याही स्मिथची गोष्ट सारखीच आहे.

फरक पुढे पडतो. पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधताना एका घरमालकांनी नाव विचारलं. मी पहिलं नाव सांगितलं. ते म्हणाले, "पूर्ण नाव?" मी पूर्ण सांगितलं. ते म्हणाले, "हां, लोहार म्हणजे..." आणि पुढचं वाक्य त्यांनी मनातच पुरं केलं. फ्लॅट मिळाला. त्या वेळी कुणी वाईट वागलं नाही. फक्त एका क्षणात ते माझी नोकरी आणि पगार सोडून आजोबांच्या भट्टीपाशी जाऊन आले. आमच्या क्लायंटच्या टीममध्ये एक स्मिथ आहे. त्याला मी एकदा सहज सांगितलं की आपलं आडनाव एकच. तो मनापासून हसला आणि म्हणाला की हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आडनावाचा अर्थ डोक्यात न येणं हीसुद्धा एक मिळकत आहे.

कोरं नाव कशाकशाला चालतं

नाव एकदा रिकामं झालं, की त्यात काहीही भरता येतं. स्मिथचं तेच झालं.

लपायचं असेल तर स्मिथ. हॉटेलात खोटं नाव लिहिणाऱ्या जोडप्यासाठी 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' हा ठरलेला विनोद आहे. 1982 साली मँचेस्टरच्या पोरांनी बँड काढला तेव्हा त्यांना सगळ्यात साधं नाव हवं होतं. ते 'द स्मिथ्स' झाले. 'द मेट्रिक्स'च्या चित्रपटमालिकेत स्वतःच्या हजारो कॉपी काढणारा खलनायक एजंट स्मिथ आहे. ज्याच्या असंख्य प्रती निघतात त्याला दुसरं कुठलं नाव शोभलं असतं?

गणितातही स्मिथ आहे. 1982 मध्ये अल्बर्ट विलान्स्की या गणितज्ञाच्या लक्षात आलं की त्याच्या मेहुण्याचा, हॅरॉल्ड स्मिथचा, फोन नंबर 4937775 विलक्षण आहे. त्याचे मूळ अवयव पाडले तर 3, 5, 5 आणि 65837 येतात. नंबरातल्या अंकांची बेरीज 42, अवयवांतल्या अंकांची बेरीजही 42. अशा संख्यांना तेव्हापासून 'स्मिथ नंबर' म्हणतात. मोबाइलवर करून बघायचा असेल तर सोपा नमुना 22: अवयव 2 आणि 11, दोन्हीकडे बेरीज 4. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना छळणारा 'स्मिथ चार्ट' वेगळा. तो फिलिप स्मिथ या इंजिनिअरचा. हिरवं आंबटगोड ग्रॅनी स्मिथ सफरचंद ऑस्ट्रेलियातल्या मारिया अ‍ॅन स्मिथ या आजींच्या बागेतलं.

पण हे नाव सगळ्यांना सुखाने मिळालं असंही नाही. अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत स्मिथ आडनावाची 24 लाखांहून जास्त माणसं होती, पहिला नंबर. त्यातले पाचातला एक याहूनही जास्त कृष्णवर्णीय. त्यांच्या पूर्वजांना गुलाम करताना त्यांची नावं पुसली गेली होती. मुक्तीनंतर कागदावर आडनाव लागलं, तेव्हा आजूबाजूला जी इंग्रजी आडनावं होती त्यांतूनच ते आलं. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं धोक्याचं झालं, तेव्हा अमेरिकेतले कित्येक श्मिट स्मिथ झाले. आयर्लंडमध्ये 'मॅक गाव्हन', म्हणजे लोहाराचा मुलगा, या आडनावाची माणसं इंग्रजी अमलात स्मिथ म्हणून नोंदली गेली. एका कोऱ्या शब्दाच्या आत इतक्या लोकांच्या खाडाखोडी आहेत.

आणि एक उलटी गोष्ट. ह्यू स्मिथसन नावाच्या इंग्रज सरदाराने बड्या घराण्यात लग्न केलं. बायकोकडचं 'पर्सी' हे नाव नॉर्मन काळापासून चालत आलेलं, वजनदार. 1750 मध्ये त्याने पार्लमेंटचा कायदा करून घेऊन स्मिथसन टाकलं, पर्सी लावलं, आणि पुढे तो ड्यूक ऑफ नॉर्थंबरलँड झाला. त्याला लग्नाबाहेर एक मुलगा होता, जेम्स. त्याला बापाचं नाव लावायची मुभा नव्हती. तो आईच्या मेसी या नावाने वाढला. आई गेल्यावर, पस्तिशीत, त्याने बापाने टाकून दिलेलं स्मिथसन हे नाव उचललं. तो रसायनशास्त्रज्ञ झाला. जस्ताच्या एका खनिजाला आज स्मिथसोनाइट म्हणतात. 1829 मध्ये तो वारला. त्याच्या मृत्युपत्रामुळे त्याची संपत्ती पुढे अमेरिकेला गेली, जिथे त्याने कधी पाऊलही टाकलं नव्हतं. अट एकच: वॉशिंग्टनमध्ये त्याच्या नावाने ज्ञानप्रसाराची संस्था काढावी. 1846 मध्ये स्मिथसोनियन उभी राहिली. बापाला हलकं वाटलेलं लोहाराच्या पोराचं नाव मुलाने जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहालयसमूहाच्या दारावर लावलं.

अजिंठ्यातला जॉन स्मिथ

महाराष्ट्राच्या इतिहासातही एक जॉन स्मिथ आहे, आणि तो टेस्ट डेटा नाही. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास सैन्यातला कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला असताना वाघोरा नदीच्या वळणावर त्याला कड्यातली एक कमान दिसली. ती अजिंठ्याची दहाव्या क्रमांकाची लेणी. आत जाऊन त्याने भिंतीवरच्या रंगवलेल्या आकृतीवर आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरली. ते आज नजरेच्या बरंच वर दिसतं, कारण तो मातीच्या ढिगाऱ्यावर उभा होता. याला आपण 'शोध' म्हणतो. आसपासच्या माणसांना लेणी ठाऊक होतीच.

त्याच लेणीच्या दर्शनी भागावर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. वासिठीपुत कटहादि या माणसाने लेणीचं मुख दान दिलं, असं त्यात म्हटलंय. वासिठीपुत, म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. माणसाची ओळख आईवरून. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं, त्याची नवलाईने चर्चा झाली. दहाव्या लेणीला त्यात नवं काही वाटलं नसतं.

मुंबईजवळ कान्हेरीला आणखी एक लेख आहे: कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने दिलेल्या दानाचा. तिथे लोहारासाठी शब्द आहे 'कमार'; बंगालीत तो आजही जिवंत आहे, आणि कन्नड-तेलुगूत 'कम्मार' आहेच. गाव, धंदा, नाव. इंग्लंडच्या कारकुनांनी हजारेक वर्षांनी जी पद्धत वापरली, तीच ही. एक फरक आहे. इंग्लंडमध्ये 'स्मिथ' हे कर वसूल करणाऱ्याने लिहून घेतलं. नंदाचं 'कमार' त्याच्या स्वतःच्या दानाच्या लेखात आहे, त्याच्या खर्चाने कोरलेलं.

मग अडलं कुठे?

ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकाराने 2014 च्या 'द सन ऑल्सो रायझेस' या पुस्तकात आडनावांच्या आधारे सामाजिक चढ-उतार मोजला. त्याचं स्वतःचं आडनावही धंद्याचंच. क्लार्क म्हणजे लिहिता-वाचता येणारा कारकून, आपल्या कुलकर्ण्यांचा लांबचा भाऊ. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या यादीत स्मिथसारखी कारागिरी आडनावं कधी दिसू लागतात हे त्याने पाहिलं. सुरुवातीला ती फार कमी आहेत, आणि 1500 च्या सुमारास लोकसंख्येतल्या प्रमाणाच्या जवळ पोचतात. म्हणजे लोहाराच्या वंशजांना वर यायला एक-दोन पिढ्या नव्हे, शतकं लागली. दुसऱ्या टोकाला पर्सीसारखी नॉर्मन नावं अजूनही अशा याद्यांत जरुरीपेक्षा जास्त सापडतात. त्याच पुस्तकात बंगालमधल्या आडनावांवर प्रकरण आहे. तिथे वरच्या जातींची नावं वरच राहण्याचं प्रमाण त्याला फार मोठं दिसलं. त्याच्या पद्धतीवर बऱ्याच संशोधकांनी आक्षेप घेतलेत. तरी एवढं खरं, की इंग्लंडमध्ये आडनाव धुवून निघालं ते आपोआप नाही आणि लवकरही नाही.

ते धुवायला काय लागलं? माझ्या मते मुख्यतः एक गोष्ट: लग्न. लोहाराच्या मुलीने विणकराशी, विणकराच्या मुलाने सुताराच्या मुलीशी, आणि या सगळ्यांनी शेतकऱ्यांशी लग्नं केली. दहा-पंधरा पिढ्यांत प्रत्येक स्मिथमध्ये सगळे धंदे मिसळले. आडनाव बापाकडून आलं, पण बाकी सगळं चहूकडून. त्यामुळे 'स्मिथ' ऐकून त्या माणसाबद्दल काहीच सांगता येईना. आपल्याकडे धंदे सुटले. लग्नं अजून बहुतेक त्याच वर्तुळात होतात. म्हणून लोहार हा शब्द ऐकून घरमालकांना अजून काहीतरी 'कळतं'. बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नाचं नाव घेतलं होतं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर, जोपर्यंत एका कॉलमवरून दुसरा कॉलम ओळखता येतो, तोपर्यंत पहिला कोरा होत नाही.

आडनाव टाकून द्या, असं काही मित्र सुचवतात. काहींनी टाकलंही, आई-वडिलांची पहिली नावं लावली. मला ते पटतं, पण माझ्याच्याने होत नाही. मुंबईच्या पारशांनी इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट अशी आडनावं मिरवली. फारूख इंजिनिअर विकेटमागे उभे राहिले तेव्हा त्यांच्या आडनावाने कुणाला अवघडल्यासारखं झालं नाही. लोखंडाला आकार देणाऱ्यांचं नाव त्याहून हलकं का असावं? नंदाने ते दगडात कोरून घेतलं होतं.

मला शब्द पुसायचा नाही. फक्त तो उच्चारल्यावर समोरच्याला माझ्याबद्दल काहीही कळू नये, एवढंच हवंय. आणि माझी मुलगी कुणाशी लग्न करते त्यावर ते माझ्या पिढीपेक्षा जास्त अवलंबून आहे, हेही मला कळतं.